दहा स्क्रू आणि एक आरसा

१

कपाटाच्या कुलूपबंद खणात डबा जागच्या जागी होता. झाकणही नीट बसलेलं होतं. वहिनींनी ते उघडलं आणि त्यांच्या हातातली चावी खणखणत फरशीवर पडली. डब्यात काहीच नव्हतं.

दुपारचे तीन वाजायला पाच मिनिटं होती. पाच वाजता मुख्याध्यापिका तो आरसा शाळेत न्यायला येणार होत्या.

आरसा म्हणजे तोंड बघायचा नव्हे. दुर्बिणीचा. वीतभर व्यासाची, इंचभर जाडीची काचेची तबकडी, जिला वहिनींच्या सासऱ्यांनी चार वर्षं हाताने घासून घासून केसाइतका खोलगटपणा दिला होता आणि वर चांदीसारखा लेप चढवून घेतला होता. तसा दुसरा बाजारात मिळेलही. पण तो त्यांच्या हातचा नसेल.

वहिनींनी पहिला फोन नणंदेला केला. "ताई, असाल तशा या!"

ताई दोन गल्ल्या पलीकडे राहत. कॉलेजच्या रसायनशाळेत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. स्वभाव अबोल आणि इतका काटेकोर, की साखर चमच्याने घेताना चमचा सपाट करून घ्यायच्या. त्या नवव्या मिनिटाला दारात हजर झाल्या तेव्हा बैठकीच्या खोलीत जत्रा जमली होती.

मधोमध सुतारकामाची पेटी उपडी पडलेली. पटाश्या, रंधे, कानस, मेणाचा गोळा, सगळं जमिनीवर. त्या पसाऱ्याशेजारी घरातलं नवं कपाट करणारे मिस्त्री उभे होते, हात बाजूला सोडून. आणि पेटी उपडी करणारे गॅरंटीमामा, म्हणजे वहिनींचे सख्खे भाऊ, फोनवर ओरडत होते, "हो हो, आमच्याच घरात! तुमच्या खिडक्यांचं काम त्याला देऊ नका, गॅरंटीने सांगतो!"

"हा कितवा फोन?" ताईंनी वहिनींना विचारलं.

"दुसरा. समोरच्यांनी दाराचं काम काढून घेतलं. खालच्या काकूंनी आत्ता खिडक्यांचं. आता पुढचा तो मुख्याध्यापिकांना लावणार."

ताईंनी मामांच्या हातातून फोन अलगद काढून घेतला. "त्या पाचला येणारच आहेत. तोवर मला दोन तास द्या."

"दोन तासांत काय होणार?"

"बरंच काही होतं. दही मात्र लागत नाही."

मिस्त्रींनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "बाई, शाळेच्या विज्ञानखोलीची वीस टेबलं आहेत. आजवर मी एका वेळी एकच कपाट केलं. ते काम मिळालं तर माझी कामाची शेड राहील. हे असं बाहेर गेलं, तर गल्लीत कुणी स्टूलसुद्धा करायला देणार नाही."

ताईंनी मान हलवली आणि घड्याळ बघितलं. तीन वाजून सात मिनिटं.

२

"यात शोधायचं काय?" मामा म्हणाले. "हातच्या काकणाला आरसा कशाला?"

"आरसाच तर गेलाय," वहिनी पुटपुटल्या.

मामांचं म्हणणं सरळ होतं. खणाच्या कुलपाला दोन चाव्या. एक वहिनींच्या गळ्यात, दुसरी मिस्त्रींकडे. आज अडीच वाजता मिस्त्री कपाटाच्या मुठी बसवायला आले आणि दहा मिनिटं खोलीत एकटे होते. पुढे तीनला खण उघडला तर आरसा गायब.

"म्हणून म्हणत होतो, तयार फर्निचर घ्या. कंपनीचं. पाच वर्षांची गॅरंटी! गल्लीतला सुतार म्हणजे आज आहे, उद्या नाही."

"बावीस वर्षं आहे," मिस्त्री म्हणाले.

"दुसरी चावी तुमच्याकडे का?" ताईंनी विचारलं.

"कुलूप नवं आहे, घट्ट फिरतं. तेल देऊन आज देणार होतो. ही बघा." त्यांनी खिशातून चावी काढली. तिला तेल लागलेलं होतं.

"अन् आरसा खणात ठेवला कधी?"

"काल चारला," वहिनी म्हणाल्या. "सगळ्यांसमोर. मी, हे, मिस्त्री, रंगारी. कुलूप लावलं, चावी गळ्यात घातली. मग साडेचारला मी दाताच्या डॉक्टरांकडे गेले. मिस्त्री माझ्याबरोबरच जिना उतरले. परत आले तेव्हा सहा वाजून गेले होते."

"जाण्यापूर्वी मिस्त्रींनी काय केलं?"

"मागची फळी लावली," मिस्त्री म्हणाले. "भिंतीला रंग चालू होता म्हणून कपाट खोलीच्या मधे ओढलेलं. खणांमागची फळी तेवढी उरली होती. ती दहा स्क्रूंनी आवळली."

खिडकीशी रंगारी उभा होता. बादलीत ब्रश ढवळत तो म्हणाला, "माझ्याकडे अशा नजरेने बघू नका हं, बाई. मी आरशात फक्त सकाळी बघतो, तेही नाइलाजाने."

कुणी हसलं नाही. आतल्या दाराच्या चौकटीला टेकून ताईंचा धाकटा भाऊ, म्हणजे वहिनींचा नवरा, उभा होता. त्याला सगळे भाऊच म्हणत. ताई आल्यापासून तो एक अक्षर बोलला नव्हता. ताईंनी त्याच्याकडे बघितलं. तसा तो गडबडीने म्हणाला, "चहा टाकतो," आणि आत गेला.

"कपाट परत भिंतीला कधी लावलं?"

"काल साडेपाचला," रंगारी म्हणाला. "मी गॅलरी रंगवत होतो. साहेबांनी हाक मारली, चल, लोटू या. मी म्हटलं, रंग अजून ओला आहे, आजची रात्र राहू दे. पण साहेबांना घाई. मग लोटलं, हात धुतले आणि गेलो."

ताईंनी खण पूर्ण बाहेर ओढला आणि त्या जागी हात घातला. वर फळी, खाली फळी. वरचा खण काढून खालच्यात हात घालायची सोय नव्हती. मिस्त्रींनी प्रत्येक दोन खणांच्या मधे फळी दिली होती. कुलपावर एक ओरखडा नाही. म्हणजे पुढून यायचं तर चावीच हवी. आणि मागून यायचं तर...

"कपाट ओढा," ताई म्हणाल्या.

३

कपाट हललं आणि चर्रर्र असा आवाज झाला.

"गेली माझी भिंत!" रंगारी कळवळला.

कपाटाची मागची कड ओल्या रंगात रात्रभर चिकटून बसली होती. आता ती सुटताना रंगाची एक पट्टी वरपासून खालपर्यंत सलग उलगडून आली. ताईंनी बोटाच्या टोकाने ती पट्टी वरपासून खालपर्यंत तपासली. कुठेही तुटलेली नाही, कुठेही दोनदा चिकटल्याची खूण नाही. त्यांना एकदम हुरूप आला. निकाल लागायच्या आधी परीक्षानळीतला रंग बदलू लागतो तेव्हा असं व्हायचं.

"काल साडेपाचपासून आत्तापर्यंत कपाट हललेलं नाही," त्या म्हणाल्या. "आज दुपारी तर नाहीच."

"मग? त्याने पुढून चावीने काढला!" मामा म्हणाले.

ताई गुडघ्यांवर बसून मागची फळी पाहत होत्या. "मिस्त्री, तुम्ही स्क्रू असे लावता?"

मिस्त्री वाकले आणि त्यांचा चेहराच बदलला. "हे मी लावलेले नाहीत!"

दहा पिवळे स्क्रू. प्रत्येकाच्या डोक्यावर सरळ खाच. एक खाच तिरपी, एक आडवी, एक उभी, कुणाचं तोंड कुणीकडे.

"माझ्या सगळ्या खाचा उभ्या असतात, एका ओळंब्यात. माझ्या बापाने ती सवय लावली. फळी भिंतीकडे असली तरी. हवं तर वरच्या फळीचे बघा."

वरच्या फळीवर बारा स्क्रू होते. बाराच्या बारा खाचा शिपायांसारख्या उभ्या.

"त्याने मुद्दाम वाकड्या केल्या असतील," मामा हट्टाने म्हणाले. "चोर शहाणा असतो."

"असू शकेल," ताई म्हणाल्या. मामांना वाटलं होतं त्या चिडतील. त्या चिडल्या नाहीत, उलट अधिकच पुढे वाकल्या. खालच्या कोपऱ्यातला स्क्रू. त्याच्याभोवती लाकडावर एक गोल डाग होता, रुपयाएवढा, निळसर काळा. बाकीच्या नऊ स्क्रूंभोवती लाकूड स्वच्छ होतं.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "तुमच्या फ्रिजच्या दाराला ते चुंबक आहे ना, आंब्याच्या आकाराचं? पळत आणा!"

४

पहिला स्क्रू. चुंबक घसरून पडलं. दुसरा, तिसरा, नववा, सगळीकडे तेच. दहाव्याशी नेताच चुंबक टक्कन चिकटलं.

"पितळेला चुंबक चिकटत नाही," ताई म्हणाल्या. "हा पोलादी आहे, वरून पितळी मुलामा. स्क्रू-ड्रायव्हर घसरून मुलामा खरवडलाय."

"या लाकडात लोखंड घालायचं नसतं," मिस्त्री म्हणाले. "ओल लागली की लाकूड काळं रडतं. म्हणून तर मी पितळ वापरतो. पितळ मऊ असतं, आधी मेणात घोळवून हलक्या हाताने फिरवावं लागतं. अडाण्याने जोर लावला की खाच फाटते."

"तेच झालं. उघडताना एकाची खाच फाटली आणि त्याने घरात सापडला तो दुसरा बसवला." ताई उठून उभ्या राहिल्या. "चहाच्या पानात असतो तसा एक तुरट पदार्थ या लाकडात असतो. तो, लोखंड आणि पाणी एकत्र आले की शाई होते. पूर्वी शाई अशीच करत. पण अर्ध्या तासात एवढा डाग पडत नाही. भिंतीची ओल रात्रभर मुरली तेव्हा पडला. म्हणजे हा स्क्रू कालचा आहे, आजच्या अडीचचा नाही. आणि साडेपाचनंतर कपाट भिंतीला चिकटलेलं होतं. मिस्त्री गेले साडेचारला. फळी उघडली ती त्या एका तासात!"

मिस्त्री मटकन खाली बसले. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी घाईने पुसून टाकले.

"तो परत आला असेल," मामा म्हणाले, पण आवाजातली गॅरंटी कमी झाली होती.

"ज्याच्या खिशात चावी आहे तो दहा स्क्रू कशाला उघडेल? मागच्या दाराने तोच येतो ज्याच्याकडे पुढच्या दाराची चावी नसते." ताईंनी खोलीभर नजर फिरवली. ती प्रवेशदाराजवळच्या नव्या कोऱ्या खुंट्यांवर थांबली. कपडे अडकवायच्या खुंट्या. चार चकाकते पिवळे स्क्रू.

त्यांनी चुंबक नेलं. टक्. टक्. टक्. टक्.

"या कुणी लावल्या?"

वहिनींनी हळूच मामांकडे बघितलं.

"मी," मामा म्हणाले. "काल दुपारी. भेट म्हणून आणल्या. तयार, कंपनीच्या."

"पाकिटात स्क्रू किती होते?"

"सहा. दोन जादा. स्वयंपाकघरातल्या कपात ठेवले."

वहिनी धावत जाऊन कप घेऊन आल्या. ताईंनी तो तळहातावर उलटा केला. एकच स्क्रू पडला.

५

"ताई, देवाशप्पथ!" मामा ओरडले. "मी कशाला..."

"सुताराला नावं ठेवायला," रंगारी म्हणाला. "सकाळपासून तेच तर करताय."

"गप रे! मी नव्हतोच इथे!"

"मग," ताई म्हणाल्या. "साडेचारला कुठे होतात?"

"हिच्याबरोबर! दाताच्या डॉक्टरांकडे!"

"खरंय," वहिनी म्हणाल्या. "माझी दाढ काढली तर हाच चक्कर येऊन पडला. डॉक्टरांनी मला सोडून याला पाणी दिलं. सहापर्यंत आम्ही तिथेच होतो."

मामांना आयुष्यात पहिल्यांदाच आपल्या भित्रेपणाचा अभिमान वाटला.

"मग उरलो मी," रंगारी म्हणाला, आणि या वेळी त्याने विनोद केला नाही.

"हात दाखवा."

त्याने हात पुढे केले. कोपरापर्यंत पांढरे ठिपके, नखांत रंग भरलेला. ताई म्हणाल्या, "काल साडेपाचला कपाट लोटून झाल्यावर हात धुतले, म्हणालात. त्याआधी हे असेच होते. फळीच्या मागच्या लाकडावर, स्क्रूंवर, डब्यावर पांढरा ठिपका एकही नाही."

रंगाऱ्याने एवढा मोठा सुस्कारा सोडला की बादलीवरचा कागद हलला.

ताईंनी रिकामा डबा उचलला. मघापासून त्यांना त्यात काहीतरी खटकत होतं. खणाची मागची पाटी मिस्त्रींनी हवा खेळायला चार बोटं बुटकी ठेवली होती. त्या फटीतून हात जातो, आरसा येतो, पण डबा येत नाही. म्हणून डबा राहिला. ठीक. डब्यात आरशाखाली फ्लॅनेल असतं, ते होतं. आणि आरशावर...

आरशावर मऊ कागद असतो. दोन घड्या घातलेला. लेपाला बोट लागलं तरी ठसा कायमचा राहतो, म्हणून तो कागद लावल्याशिवाय आरसा उचलायचा नाही, असा बाबांचा नियम होता. कागद डब्यात नव्हता.

चोराने अंधाऱ्या फटीत हात घालून, चाचपडत, आरसा कागदासकट कडेने उचलला होता. घाईत असूनही. बाबांमागे हा नियम जगात दोनच माणसांना माहीत होता. त्यातली एक डबा हातात धरून उभी होती.

ताईंचा उत्साह एकदम निवला. घड्याळात पाचला पाच मिनिटं कमी होती, आणि आत पुन्हा टाकलेला चहा उकळून उतू जात होता.

६

भाऊ गॅससमोर उभा होता. ताईंनी गॅस बंद केला.

"कुठे आहे?"

त्याने काही विचारलं नाही. "माझ्या ऑफिसच्या बॅगेत. दोन स्वेटरांत गुंडाळून."

"मिस्त्रींची पेटी उपडी केली. तुझी बॅग कुणी उघडली नाही."

"मला वाटलं नव्हतं त्याच्यावर जाईल. मला वाटलं, नाही सापडला की शाळा विषय सोडून देईल. मग मामा ओरडायला लागला आणि माझी जीभच उचलेना."

"वहिनींकडे चावी मागायची."

"कशाला हवी म्हणून सांगू? तू शाळेला शब्द देऊन बसली होतीस." तो वळला. "चार वर्षं, ताई. बाबा घासायचे, तू मोजायचीस. आणि काच ठेवलेल्या पिंपाभोवती फिरून तिच्यावर पाणी कोण ओतायचं? मी. आठ वर्षांचा होतो. घासायला एकदाही दिलं नाही मला. बाबा गेले, तू म्हणालीस, आरसा शाळेला देऊ. तू जगातली प्रत्येक गोष्ट तपासून घेतेस. मला तेवढं विचारायचं राहिलं तुझं."

चौतीस वर्षं ताईंनी मुलांना सांगितलं होतं, नोंद करायची राहून गेली की प्रयोग फुकट. ही नोंद त्यांच्या वहीत कधी नव्हतीच.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "आरशाचं काय करायचं ते तू ठरव. द्यायचा नसेल तर मुख्याध्यापिकांना मी नाही म्हणेन."

दाराची घंटा वाजली.

"ताई," तो घाईने म्हणाला, "कपाटामागे सापडला म्हणू या. सगळं मिटेल."

"तुझं मिटेल. लोक म्हणतील, पकडला जाईल म्हणून सुताराने ठेवून दिला." त्यांनी त्याचा हात धरला. "तुझ्याबद्दल मी कुणाला काही सांगणार नाही. पण मिस्त्रींबद्दल तूच सांगायचं. आत्ता."

बाहेर मुख्याध्यापिका चप्पल काढत होत्या. "अरे वा, सगळेच जमलेत! आणि मिस्त्री, तुम्ही खाली का बसलात?"

तेवढ्यात भाऊ बाहेर आला. दोन्ही तळहातांवर आरसा, वर मऊ कागद. त्याने तो टेबलावर ठेवला आणि मिस्त्रींसमोर जाऊन उभा राहिला.

"आरसा मी काढला. फळी मी उघडली. तुमची पेटी उपडी केली तेव्हा मला माहीत होतं आणि मी गप्प राहिलो."

"अहो!" वहिनी म्हणाल्या. मामांनी खुर्ची शोधली. रंगाऱ्याच्या हातातला ब्रश ठिबकत राहिला.

मुख्याध्यापिकांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्या कपाटामागे गेल्या, वरच्या फळीवरचे बारा स्क्रू बघून आल्या. "मिस्त्री, वीस टेबलं. कधी सुरू करता?"

मिस्त्री सावकाश उभे राहिले. "टेबलांचं मग बोलू, बाई." ते भाऊकडे वळले. "साहेब, तुम्ही इथे बोललात, चांगलं केलंत. पण खालच्या काकू इथे नाहीत. समोरचेही नाहीत. उद्या मी त्यांच्या दारावरून जाईन तेव्हा ते माझ्या पिशवीकडे बघतील. त्यांना मी सांगून पटणार नाही."

"फोन करू या की," मामा म्हणाले.

"चोर म्हणायला फोन पुरला," मिस्त्री म्हणाले. "हे फोनवर भागायचं नाही."

भाऊने आरशाकडे बघितलं, मग ताईंकडे. "शाळेला देऊ. पण आधी आपण दोघं तो दुर्बिणीत बसवून एकदा त्यातून बघू. मग मी स्वतः नेऊन देईन."

"आठ दिवस थांबेन मी," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

भाऊने शर्टाची बटणं नीट केली. "चला, मिस्त्री. मामा, तुम्हीही."

"मी? मी कशाला?"

"फोन कुणी केला होता?" वहिनींनी विचारलं, आणि आपला दुखरा गाल एका हाताने धरून मामांना दाराबाहेर ढकललं.

जिन्यावरून चौघं उतरले. पुढे भाऊ, त्याच्यामागे मिस्त्री, मग रडवेले मामा, सगळ्यात शेवटी ताई. खालच्या मजल्यावर भाऊने घंटा दाबली. आत पावलं वाजली, कडी सरकली. काकूंनी दार किलकिलं करून आधी मिस्त्रींकडे बघितलं आणि दार तसंच धरून ठेवलं.

वाक्य कसं सुरू करावं हे ताईंना नेमकं माहीत होतं. त्या दोन पायऱ्या वर तशाच उभ्या राहिल्या.

"काकू," भाऊ म्हणाला, "दार जरा पूर्ण उघडता का? मला तुम्हाला माझं एक सांगायचंय."

काकूंनी दार पूर्ण उघडलं.